शाळेच्या बागेतील अवजारांची खोली : ओल आणि बुरशी

(विश्रामबाग येथे प्राथमिक शिक्षकांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



सांगली आणि मिरज या दोन शहरांच्या मधोमध वसलेल्या विश्रामबागेचे नाव निघताच शिक्षकाच्या मनात प्रथम येते ते 1919 साली स्थापन झालेले विलिंग्डन महाविद्यालय. त्याच्या आसमंतात पुढे वसाहती वाढल्या, मोकळ्या आवाराची घरे झाली, आणि घराबरोबर चार फुलझाडे, दोन पपया, एखादे लिंबू अशी बागही आली. या बागांच्या मागील कोपऱ्यात बहुधा एक पत्र्याची खोली असते. तीत कुदळ, खुरपी, झारी, रिकामी पोती, उरलेले खत, बियाण्यांच्या पुड्या आणि घरात नकोशी झालेली प्रत्येक वस्तू जाऊन पडते. घराला रंग देताना तिची आठवण कोणास होत नाही. खेड्यातील प्राथमिक शाळेची अवजारांची खोली ही तिचीच सख्खी बहीण होय. विश्रामबागेतल्या खोलीत बुरशी माजली तर एका घराचे थोडे नुकसान होते. शाळेच्या खोलीत माजली तर मुलांच्या वर्षभराच्या कष्टांवर पाणी पडते.

जूनच्या मध्यास शाळा उघडते आणि त्याच सुमारास पाऊस येतो. खोलीचे दार उघडताच कुबट वास येतो. फावड्याच्या दांड्यावर पांढरी लव चढलेली असते, खुरप्यांना तांबेरा आलेला असतो, आणि मागील वर्षी मुलांनी स्वहस्ते निवडून ठेवलेल्या भेंडीच्या व दोडक्याच्या बियांचा गोळा झालेला असतो. ते बी तसेच टोचले जाते. आठ दिवस उलटतात, वाफ्यात काही दिसत नाही, आणि ज्या मुलाने ते बी राखले त्यास वाटते की, आपल्या हाताला यश नाही. वस्तुतः दोष त्या हाताचा नसतो, खोलीचा असतो.

बागकाम हे शाळेत नवीन नव्हे. 1937 साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेतून मूलोद्योगाची कल्पना पुढे आली, आणि तिच्यातून उभ्या राहिलेल्या शाळांत सूतकताईच्या जोडीने शेती व बागकाम आले. आज अनेक शाळांतून परसबागा आहेत आणि त्यांतील भाजी शालेय पोषण आहारात जाते. म्हणजे बागेतील माल मुलांच्या ताटापर्यंत पोहोचतो. जे खोलीत ठेवले जाते ते उद्या कोणाच्या तरी पोटात जाणार आहे, हे ध्यानी घेतले की बुरशीचा प्रश्न केवळ टापटिपीचा राहत नाही.

याचे कारण नीट समजून घेतले पाहिजे. सांगली जिल्ह्यात भुईमूग पिकतो, आणि शाळेच्या परसबागेतही एखादा वाफा हौसेने लावला जातो. काढलेल्या शेंगा पुरत्या वाळण्यापूर्वी पोत्यात भरून अवजारांच्या खोलीत टाकल्या की त्यांवर हिरवट-पिवळसर बुरशी येते. ॲस्परजिलस फ्लेव्हस हे तिचे शास्त्रीय नाव. ती अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते आणि ते यकृतावर आघात करते. 1960 साली इंग्लंडमध्ये एक लाखाच्या आसपास टर्की पक्षी पटापट मेले, तेव्हा हे विष प्रथम उमगले. त्या पक्ष्यांच्या खाद्यात ब्राझीलहून आलेली भुईमुगाची पेंड होती. भारतात याहून दुःखद प्रसंग 1974 साली गुजरातमधील पंचमहाल आणि राजस्थानातील बांसवाडा या जिल्ह्यांत घडला. काढणीच्या वेळी अवेळी पाऊस झाला, मक्याची कणसे ओली राहिली, त्यांवर हीच बुरशी चढली, आणि दुसरे अन्न हाताशी नसल्यामुळे तोच मका खाऊन शंभरावर माणसे दगावली. हे विष नेहमीच्या शिजवण्याने वा भाजण्याने नाहीसे होत नाही. शेंगदाणे भाजून घेतले म्हणजे झाले, ही समजूत म्हणूनच खरी नव्हे. बुरसटलेले, सुरकुतलेले, रंग पालटलेले दाणे टाकून द्यावेत. ते गुराढोरांपुढेही टाकू नयेत, कारण गाईने असा दाणा खाल्ला तर दोषाचा काही अंश दुधात उतरतो.

आता बुरशीला लागते काय? तिचे बीजाणू हवेत सर्वत्र असतात. त्यांना अटकाव करणे मनुष्याच्या हाती नाही. अन्न म्हणून तिला लाकूड, गोणपाट, कागद, पुठ्ठा, चामडे, धान्य, किंबहुना भिंतीवरील धूळही पुरते. ऊब या प्रदेशात बारमाही आहे. उरले पाणी. वस्तूच्या पृष्ठभागाशी सापेक्ष आर्द्रता 75 ते 80 टक्क्यांच्या पुढे काही दिवस टिकली की बुरशी वाढते. त्याखाली ती सहसा वाढत नाही. लोखंडाचा गंजही साधारण 60 ते 70 टक्क्यांपुढे वेगाने चढतो. तेव्हा बुरशीशी झगडणे म्हणजे पाण्याशी झगडणे होय. तासगावकडील द्राक्षबागाईतदारांना हे तत्त्व कोणी शिकवावे लागत नाही. मोरचूद आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण ते फवारतात हे खरे. परंतु त्याआधी ते वेलीची दाटी विरळ करतात, वारा खेळता ठेवतात आणि पान किती वेळ ओले राहिले याची चिंता करतात. अवजारांच्या खोलीत तर मोरचुदाचा फवारा मारण्याचा विचारही करू नये. जेथे मुलांचे हात रोज लागतात तेथे विष शिंपडून ओल तशीच ठेवणे हे शहाणपण नव्हे.

पाणी खोलीत तीन मार्गांनी येते: जमिनीतून, पावसातून आणि हवेतून. कोणत्या मार्गाने येत आहे हे न पाहता गिलावा करणे, रंग देणे, डांबर फासणे यांवर पैसा खर्च होतो आणि पुढच्या श्रावणात ओल पूर्ववत दिसते. परीक्षा अगदी सोपी आहे आणि ती पाचवीच्या वर्गाकडून करवून घेता येते. एक हात लांबरुंद प्लास्टिकचा कागद कोरड्या फरशीवर पसरून चारी कडा चिकटपट्टीने घट्ट बंद कराव्यात व एक-दोन दिवस तसाच ठेवावा. नंतर कागदाच्या खालच्या बाजूस पाण्याचे थेंब दिसले तर ओल जमिनीतून वर येत आहे. वरच्या बाजूस दिसले तर ती हवेतून खाली बसत आहे. दोन्ही बाजूंस दिसले तर दोन्ही उपाय करावे लागतील. भिंतीवरही हा प्रयोग होतो. केशाकर्षण आणि सांद्रीभवन हे दोन धडे त्यातून एकाच दिवशी शिकवून होतात.

जमिनीतून येणारी ओल कृष्णाकाठच्या काळ्या मातीत विशेष जाणवते. ही माती पाणी शोषून फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि पावसाचे पाणी महिनोन् महिने पोटात धरून ठेवते. कंदिलाच्या वातीतून तेल चढावे तसे ते पाणी विटेच्या व मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून वर चढते. बुंध्यापासून हात-दोन हात उंचीपर्यंत भिंत काळवंडलेली, आणि त्या रेषेवर पांढरी, खारट भुकटी फुटलेली दिसली की हाच प्रकार समजावा. जुन्या गवंड्यांनी दगडी जोते उंच घ्यावयाचे ते उगाच नव्हे. आज मात्र खोली लहान म्हणून जोत्यास फाटा देण्यात येतो, आणि चार भिंती सरळ मातीवर उभ्या राहतात. नवीन खोली बांधावयाची असेल तर काळी माती खणून काढून मुरूम ठोकून भरावा, जोते आजूबाजूच्या जमिनीपेक्षा निदान दीड फूट उंच घ्यावे, आणि जोत्याच्या माथ्यावर भिंत सुरू होण्यापूर्वी ओल अडविणारा थर द्यावा. फरशीखाली शेततळ्याचा जाड प्लास्टिक कागद अंथरला तर खर्च थोडा आणि लाभ मोठा. खोली जुनी असेल तर एवढे करता येत नाही. मग भिंतीलगत बाहेरून साचलेली माती, शेणखताचा ढीग, पालापाचोळा दूर सारावा, भिंतीपासून जमिनीला बाहेरच्या अंगास उतार द्यावा, आणि पागोळीचे पाणी जेथे पडते तेथे खडी घातलेला चर काढावा. अनेक ठिकाणी बागेचा नळ किंवा हात धुण्याची जागा नेमकी याच खोलीच्या भिंतीला टेकलेली असते. मग ओल कोठून येते म्हणून सर्वांना कोडे पडते!

पावसाच्या पाण्याविषयी फार सांगावयास नको. फुटके कौल, पत्र्याच्या खिळ्याभोवतीचे भोक, तुंबलेली पन्हळ ही कारणे सर्वांस ठाऊक आहेत. वळचण मात्र आखूड असते आणि पश्चिमेकडून येणारी झड भिंतीवर आपटते, इकडे लक्ष जात नाही. शिराळ्याच्या डोंगरी भागात हा त्रास जतपेक्षा कितीतरी अधिक. साताऱ्याकडे महाबळेश्वरी पावसाळ्यापूर्वी घरांच्या भिंती बाहेरून वाळल्या गवताने झाकून घेण्याची रीत होती. त्याच धर्तीवर पश्चिमेच्या भिंतीस उसाच्या पाल्याचे झापड बांधले तरी चालते, फक्त ते भिंतीस चिकटू न देता मध्ये वीतभर जागा सोडावी.

तिसरा मार्ग सर्वांत कपटी, कारण तो डोळ्यांस दिसत नाही. उबदार हवेत पाण्याची वाफ अधिक मावते. 30 अंश सेल्सिअस तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त 30 ग्रॅम वाफ राहू शकते. तीच हवा 20 अंशांवर आली की 17 ग्रॅमच मावते. आता दहा फूट लांब, आठ फूट रुंद आणि आठ फूट उंच अशी एक खोली घ्यावी. तीत सुमारे 18 घनमीटर हवा असते. दिवसा 30 अंशांवर आर्द्रता 80 टक्के असेल तर प्रत्येक घनमीटरात 24 ग्रॅम वाफ झाली. रात्री खोली 20 अंशांपर्यंत थंडावली की त्यांतील 7 ग्रॅम वाफ कोठेतरी पाणी होऊन बसणारच. संपूर्ण खोलीचा हिशेब सव्वाशे ग्रॅमच्या आसपास येतो, म्हणजे अर्धा पेला पाणी एका रात्रीत, छपरातून एक थेंब न गळता! वरच्या वर्गांना हे गणित सोडवावयास द्यावे.

हे पाणी प्रथम पत्र्याच्या खालच्या अंगास धरते. निरभ्र रात्री पत्रा आपली उष्णता आकाशाकडे टाकून भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो. म्हणून पावसाळा संपून कार्तिक-मार्गशीर्षात थंडी पडली तरी सकाळी पत्र्यास घाम आलेला दिसतो आणि त्याचे थेंब खालच्या पोत्यांवर टपकतात. लोक म्हणतात छप्पर गळते, आणि छप्पर मुळीच गळत नसते. कौलारू छपरात हा दोष कमी, कारण कौल थोडे पाणी शोषून घेते व फटींतून हवा खेळते. पत्र्याच्या खाली बांबूच्या तट्ट्यांचे आढे घालून मध्ये थोडी पोकळी ठेवावी. आणि समोरासमोरच्या दोन भिंतींत छपराखाली झरोके ठेवून त्यांना उंदीर शिरणार नाहीत अशी बारीक जाळी लावावी. एकाच भिंतीत झरोका असला तर हवा आत येते, पण जाण्यास वाट नसते.

झरोके ठेवले म्हणजे दार सदासर्वदा उघडे ठेवावे असे नाही. संततधार लागलेली असताना बाहेरची हवाच पाण्याने भरलेली असते. त्या वेळी दार उघडून काही वाळत नाही. उघडीप पडली, ऊन आले की दुपारी बारा ते तीन या वेळात दार व झरोके पूर्ण उघडावेत आणि सूर्य कलताच बंद करावेत. दुपारच्या सुट्टीत हे काम बागेच्या पाळीवरील मुलांकडे सहज सोपविता येते.

येथे कोणी विचारील की, हवा खेळती ठेवणे हाच जर उपाय, तर हरिपूरच्या पेवांचे काय? प्रश्न योग्य आहे. सांगलीजवळ कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर आहे. तेथील मातीचा गुण असा की, विटा-दगडांचा आधार न घेता तीत खोल पेव खणता येते, आणि ते ढासळत नाही. तोंड अरुंद, पोट विशाल. आत पाल्याचे व चटयांचे अस्तर देऊन हळद भरावयाची आणि तोंड मातीने बंद करावयाचे. 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालेली सांगलीची हळद अशा पेवांत वर्षानुवर्षे टिकत आली. पेव उघडल्याबरोबर कोणी आत उतरत नसे; आधी दिवा सोडून तो विझतो की जळतो हे पाहत, कारण आतील प्राणवायू संपलेला असे. जेथे दिवा जळत नाही तेथे किडीलाही जगणे कठीण आणि बुरशीलाही. परंतु पेवात जाणारी हळद आधी शिजवून, उन्हात कडक वाळवून, ओलावा 10 टक्क्यांच्या आसपास आणूनच भरलेली असते. कोरडी वस्तू घट्ट बंद केली तर ती टिकते. ओली वस्तू घट्ट बंद केली तर ती उघड्यावरच्यापेक्षाही लवकर नासते. अवजारांची खोली घट्ट बंद करता येत नाही, मग ती खेळती तरी असावी. अर्धवट बंद, अर्धवट उघडी खोली मात्र दोहोंकडून नाडली जाते.

पेवाचे तत्त्व शाळेने लहान प्रमाणावर बियांसाठी जरूर वापरावे. बियांचे आयुष्य ओलाव्यावर किती अवलंबून असते याविषयी बीजशास्त्रज्ञ हॅरिंग्टन यांनी घालून दिलेला ठोकताळा प्रसिद्ध आहे: साधारण 14 टक्क्यांपासून 5 टक्क्यांपर्यंत, बियांतील ओलावा एका टक्क्याने घटला की त्यांचे आयुष्य दुप्पट होते. बी प्रथम सावलीत, मग सकाळच्या कोवळ्या उन्हात वाळवावे. वाळले की नाही हे पाहण्यासाठी यंत्र लागत नाही. स्वच्छ, पुरत्या कोरड्या काचेच्या बाटलीत दोन-तीन चमचे उन्हात खडखडीत वाळविलेले मीठ घालावे, एक तृतीयांश भाग भरेल इतके बी घालावे, मिनिटभर हलवून पाव तास बाटली स्थिर ठेवावी. मीठ काचेला चिकटून राहिले तर ओलावा 15 टक्क्यांहून अधिक आहे, आणखी वाळवावे. मीठ खाली बसले तरी तेवढ्यावर थांबू नये. आणखी दोन-चार उन्हे द्यावीत, कारण ही परीक्षा बी फार ओले नाही इतकेच सांगते. मग झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात, तळाशी चाळलेली कोरडी राख वा भाजून निवविलेले तांदूळ फडक्यात बांधून ठेवावेत आणि वर बियांच्या नावे-तारखा लिहिलेल्या पुड्या. हा डबा अवजारांच्या खोलीत नव्हे, कार्यालयातील कपाटात ठेवावा. भुईमुगाच्या शेंगा 8 टक्क्यांच्या आत वाळल्याखेरीज साठवू नयेत. हलविल्यावर आत दाणा खुळखुळला पाहिजे.

अवजारांची गोष्ट सोपी आहे, पण ती रोजची आहे. ओली माती लागलेले फावडे आत नेणे म्हणजे ओल स्वतःच्या हाताने आत नेणे. माती खरडून, पुसून, क्षणभर उन्हात टेकवून मगच आत न्यावे. खिळ्यांवर टांगावे, भिंतीस टेकवू नये. पोती फळीवर ठेवावीत, आणि फळी जमिनीपासून व भिंतीपासून वीतभर दूर असावी. दांड्यांना वर्षातून एकदा पक्के जवसाचे तेल चोळावे. मात्र तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. त्या सुट्या पसरून वाळवाव्यात. बुरशी आलीच असेल तर कोरड्या केरसुणीने झाडू नये, कारण त्याने बीजाणू उडून मुलांच्या श्वासात जातात आणि दम्याच्या मुलास त्याच दिवशी त्रास होतो. मोठ्या माणसाने नाकावर फडके बांधून साबणाच्या पाण्याने ओलसर पुसावे व वस्तू कडक उन्हात टाकावी. भिंतींस दरवर्षी चुन्याची सफेदी द्यावी. ताज्या चुन्यावर बुरशी धरत नाही आणि भिंतीला श्वासही घेता येतो. चकचकीत तैलरंगाने मात्र भिंतीतील ओल आतच कोंडते. चुना भिजवताना मुलांस दूर ठेवावे, कारण डोळ्यांत गेल्यास मोठी इजा होते.

नदीकाठच्या शाळांपुढे आणखी एक संकट असते. 2005, 2019 आणि 2021 या तिन्ही वर्षी कृष्णेला मोठा पूर आला. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्याही वर गेले होते. हरिपूरच्या पेवांतही 2005 च्या पुराचे पाणी शिरले आणि हळद कुजली. पूर ओसरल्यावर घाईने गिलावा व रंग करण्याकडे कल असतो. नऊ इंची विटांची भिंत आतून वाळावयास कित्येक महिने लागतात. तोवर भिंत उघडीच राहू द्यावी. गाळ ओला असतानाच काढावा. पुरात भिजलेले बी, खाद्य, गोणपाट वाळवून पुन्हा वापरण्याचा मोह टाळावा.

राहता राहिली खोलीची किल्ली. दिवाळीची सुट्टी आणि उन्हाळ्याची सुट्टी या दोन काळांत खोली सलग बंद राहते, आणि पहिला पाऊस पुष्कळदा शाळा उघडण्यापूर्वीच येतो. म्हणून छपराची डागडुजी एप्रिलअखेरीस, मुले गावी पांगण्यापूर्वी व्हावी. मेच्या उन्हात खोलीतील प्रत्येक वस्तू एक दिवस बाहेर काढावी. आणि किल्ली शाळेजवळ राहणाऱ्या कोणा भरवशाच्या पालकाकडे अथवा व्यवस्थापन समितीच्या सभासदाकडे लेखी नोंद करून द्यावी. आठवड्यातून दोन दुपारी, ऊन असेल तेव्हा, दार व झरोके तीन तास उघडावेत, एवढेच त्यांच्याकडून मागावयाचे. दारामागे खडूने तारीख लिहावी, म्हणजे जूनमध्ये कोणते दिवस चुकले हे कळेल.